बोंबलाचे सात जी

शैलेश चुरी बावीस वर्षं वस्तूंमधलं पाणी काढत होता. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत औषधाचा एक कारखाना आहे, तिथे तो सेंट्रीफ्यूज विभागाचा सुपरवायझर. सेंट्रीफ्यूज म्हणजे काय हे कुणी विचारण्याची तो वाट पाहत नसे. "जाळीचं मोठं पिंप समजा," तो लग्नाच्या पंगतीतसुद्धा सांगायचा, "गरागरा फिरतं. ओला माल भिंतीला जाऊन चिकटतो, पाणी जाळीतून बाहेर, कोरडा माल आत." ऐकणारा तोवर मठ्ठ्याची वाटी शोधत असे. पण ते एक असो. सांगायचा मुद्दा असा की, अशा माणसाच्या घरी तळलेला बोंबील नरम निघाला आणि तोही सासूबाईंसमोर निघाला.

सासूबाई म्हणजे दांडीच्या वत्सलाबाई. समुद्राकाठचं गाव, घरची होडी आणि चाळीस वर्षं हात मासळीत. बोंबील त्या आधी खात नसत, आधी तपासत. शेपटीला धरून उभा करायचा. ताठ राहिला तर बोंबील, मान टाकली तर नाही. त्या रविवारी बोईसरच्या फ्लॅटमध्ये पानावर शैलेशच्या कंपनीतले दोघे जण होते. वत्सलाबाईंनी बोंबील उचलला आणि त्याने हळूच, अगदी अदबीने, मान खाली घातली.

"साहेब," त्या जावयाला म्हणाल्या, "हा बोंबील हाय का हातरुमाल?"

कंपनीतले दोघे इतके हसले की एकाला ठसका लागला. सोमवारी ही गोष्ट पहिल्या शिफ्टला कळली, संध्याकाळी दुसऱ्या शिफ्टला. मंगळवारी कँटीनमध्ये कुणीतरी शैलेशच्या ताटाशेजारी घडी घालून रुमाल ठेवला. शैलेशला ते फार लागलं. मशीन बिघडलं तर माणूस पार्ट बदलतो, पण अब्रूचा पार्ट कुठल्याही स्टोअरमध्ये मिळत नाही. त्याने त्याच रात्री सासूबाईंना फोन करून पुढच्या रविवारी पुन्हा जेवायला बोलावलं आणि वर म्हणाला, "या वेळी बोंबील मी करणार."

पलीकडून वत्सलाबाई म्हणाल्या, "बरां. मी घरनं जेवून येते."

आता बोंबील हा मासा म्हणजे मुळात पाणीच. त्याला थोडी कातडी आणि नावापुरता काटा दिलेला आहे इतकंच. तळण्याआधी त्यातलं पाणी काढावं लागतं. किनाऱ्यावरच्या बायका साफ केलेले बोंबील फडक्यात गुंडाळून पाट्याखाली दोन-तीन तास दाबून ठेवतात. शैलेशच्या फ्लॅटमध्ये मिक्सर होता, पाटा नव्हता. त्याची बायको रूपल, जी घरीच नववी-दहावीच्या गणित-विज्ञानाच्या शिकवण्या घेते, ती सरळ म्हणाली, "आईकडून पाटा आणू या." पण ज्याच्याशी कुस्ती खेळायची त्याच्याकडूनच लंगोट मागून आणायचा, हे शैलेशला पटेना.

शेजाऱ्यांनी सल्ले दिलेच. समोरच्या दीपाताईंनी गॅसचा भरलेला सिलिंडर बोंबलांवर उभा करायला सांगितलं. वरच्या मजल्यावरचे पुंजारामभाऊ म्हणाले, रात्री गाडीच्या चाकाखाली ठेवा, सकाळी गाडी पुढे घ्या. खालच्या मजल्यावर राहणारे सोसायटीचे सेक्रेटरी धर्माजी राऊत यांनी काही सल्ला दिला नाही. ते ग्रामपंचायतीत कारकुनी करून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांनी फक्त विचारलं, "जे काय करणार ते लेखी कळवणार ना?"

शैलेश सगळ्यांकडे पाहून नुसता हसला. बावीस वर्षं ज्याने टनावारी औषधातलं पाणी काढलं, त्याला वीस बोंबलांतलं काढायला सिलिंडर कशाला लागतो? घरात जुनं वॉशिंग मशीन होतं, त्याला शेजारी कपडे पिळायचा ड्रायर. ड्रायर म्हणजे तरी काय, गरिबाचा सेंट्रीफ्यूज. गुरुवारी रूपल शिकवणीत असताना त्याने दोन किलो बोंबील स्वच्छ फडक्यात बांधले, ड्रायरमध्ये ठेवले आणि तीन मिनिटांचं बटण फिरवलं.

तीन मिनिटांनी फडकं कोरडं होतं. इतकं कोरडं की त्यात काहीच नव्हतं. टबाच्या भिंतीला वीस बोंबलांचे एक्स-रे चिकटले होते, काटे तेवढे नीट ओळखू येत होते. बाकीचा बोंबील फडक्यातून, मग टबाच्या भोकांतून, मग पाइपातून, पातळ खिरीसारखा बाल्कनीच्या नळीत गेला होता. त्या नळीखाली धर्माजींनी नुकतीच धुऊन ठेवलेली सायकल उभी होती. गल्लीतली सगळी मांजरं जमली, तेव्हा धर्माजींना प्रकार कळला. पंधरा मिनिटांत नोटीस वर आली. विषय : बाल्कनीतून सागरी सांडपाणी सोडणेबाबत. खाली लिहिलं होतं की हा विषय शनिवारी संध्याकाळी होणाऱ्या सर्वसाधारण सभेत घेण्यात येईल.

रूपलने टबात डोकावून पाहिलं आणि विचारलं, "किती जी लावलास?"

कंपनीत तो आकडा मशीनच्या पॅनलवर आपोआप उमटतो. बावीस वर्षांत त्याने तो वाचला होता, काढला कधीच नव्हता. हे बायकोसमोर कबूल करण्यापेक्षा मांजरांबरोबर खाली जाऊन बसणं बरं, असं त्याला वाटलं. पण रूपलने शिकवणीचा फळा ओढलाच.

"खुर्चीत बसलास की तुझं जे वजन, तो एक जी," ती म्हणाली. "शिफ्टची बस नाक्यावर वळते आणि शेजारचा माणूस तुझ्या अंगावर येतो, तो साधारण पाव जी. गोल फिरणारी प्रत्येक वस्तू सरळ जायला बघते, भिंत तिला जाऊ देत नाही, म्हणून ती भिंतीवर दाबली जाते. किती दाबली जाते, ते दोन गोष्टींवर. मध्यापासून किती लांब आहे, आणि मिनिटाला किती फेरे. लांबी नुसती घ्यायची. फेऱ्यांचा वर्ग करायचा."

तिने हिशेब केला. ड्रायर मिनिटाला चौदाशे फेरे घेतो. टबाची भिंत मध्यापासून बारा सेंटीमीटर. उत्तर आलं दोनशे साठच्या वर. म्हणजे शंभर ग्रॅमचा बोंबील टबात स्वतःला सव्वीस किलोचा समजत होता.

"मग वेग निम्मा केला की तेरा किलोचा," शैलेश घाईने म्हणाला.

"साडेसहा. वर्ग म्हटलं ना मी. निम्मा वेग, चौथाई जोर." आणि तिने नववीतल्या मुलाकडे बघावं तसं त्याच्याकडे पाहिलं. ती नजर शैलेशला सासूबाईंच्या रुमालापेक्षाही जास्त झोंबली.

तरी एक प्रश्न उरलाच. बोंबलाला किती जी हवेत? याचं उत्तर जगात एकाच ठिकाणी होतं, दांडीच्या ओटीवर. शुक्रवारी शैलेश आपल्या चिंचणीच्या वाडीतले चिकू पोहोचवायच्या निमित्ताने तिकडे गेला. वत्सलाबाई आत चहा टाकत होत्या तेवढ्यात त्याने पाटा उचलून त्यांच्याच मासळी तोलायच्या काट्यावर ठेवला. चौदा किलो. पाट्याखाली एका वेळी बोंबील ठेवतात दोन किलो. चौदाला दोनाने भागलं, सात. दर बोंबलावर त्याच्या स्वतःच्या सातपट भार. सात जी! शैलेशला इतका आनंद झाला की पाटा खाली ठेवताना त्याच्या कमरेत लचक भरली.

वत्सलाबाई चहा घेऊन आल्या तेव्हा जावई पाट्यावर ओणवा होऊन तसाच थांबला होता. "काय झाला?" त्यांनी विचारलं.

"काही नाही आई. बघत होतो. दगड चांगला आहे."

"हां. चांगला हाय," त्या म्हणाल्या, आणि त्याला सरळ करायला शेजारून दोन बायका बोलावून आणल्या.

घरी येऊन त्याने कमरेला पट्टा बांधून हिशेब उलटा केला. बारा सेंटीमीटरवर सात जी हवे असतील तर मिनिटाला दोनशे तीस फेरे. ड्रायरला वेग कमी करायची सोय नसते. मग घरात अशी कुठली वस्तू आहे की जी फिरते आणि जिला रेग्युलेटर आहे? शनिवारी संध्याकाळी दिवाणावर पडून कमर शेकताना शैलेशची नजर वर गेली. पंखा. त्याने एका पात्याला लाल दोरा बांधला, मोबाइलवर हळू फिरणारा व्हिडिओ काढला आणि फेरे मोजले. रेग्युलेटर तीनवर ठेवला की बरोबर दोनशे तीस. यालाच लोक दैवी संकेत म्हणतात.

बोंबील पंख्याला टांगायचे कसे, हा प्रश्नच नव्हता. दांडीच्या माणसाला, अगदी जावयालासुद्धा, ते शिकवावं लागत नाही. सुकवताना बोंबलाच्या जोड्या करतात. एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. ना गाठ, ना सुतळी. समुद्राचा वारा रात्रंदिवस हाणतो, तरी जोडी सुटत नाही. दातच तसे. किनाऱ्यावर पिढ्यान्‌पिढ्या ज्या जबड्यांवर भरवसा ठेवला, त्यांच्यावर शैलेशने ठेवला तर त्याला दोष देता येत नाही. त्याने सहा जोड्या केल्या, तिन्ही पात्यांच्या टोकांना दोन-दोन घातल्या, जमिनीवर वर्तमानपत्र अंथरलं आणि वारा खेळता राहावा म्हणून बाल्कनीचं दार उघडं ठेवलं. रूपल खाली कंपाउंडमध्ये सभेला गेली होती. तिला विचारलं असतं तर तिने एकच शब्द उच्चारला असता.

त्रिज्या. टब बारा सेंटीमीटरचा होता, पंख्याचं पातं साठ. फेरे तेच, लांबी पाचपट. सातचे झाले पस्तीस.

एकवर बोंबील शांतपणे हिंडले. दोनवर पसरून आडवे झाले, आणि शैलेश "वा" म्हणाला. तीनवर रेग्युलेटर गेला तेव्हा प्रत्येक जबड्याला साडेतीन किलोचा बोंबील धरून ठेवणं भाग पडलं. समुद्राचा वारा एवढा कधीच सुटला नव्हता. पहिली जोडी सुटली आणि मग सगळ्याच सुटल्या. सुटलेली वस्तू गोल जात नाही, सरळ जाते, हे रूपलने फळ्यावर लिहिलंच होतं. तीन बोंबील भिंतीवर बसले, दोन टीव्हीवर, एक शैलेशच्या पोटावर कमरेच्या पट्ट्यात, काही अजून सापडलेले नाहीत. आणि एक, ताशी पन्नास किलोमीटरने, बाल्कनीच्या दारातून बाहेर पडला.

खाली सभेत विषय क्रमांक चार चालू होता : सागरी सांडपाणी. धर्माजी उभे राहून इतिवृत्ताच्या वहीतून वाचत होते, "सदर सभासदाने पुन्हा असा प्रकार केल्यास," आणि एवढ्यात बोंबील वहीवर आला. धर्माजींनी त्याच्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या मजल्याकडे पाहिलं. मग पेनाने बोंबील थोडा बाजूला सरकवून त्यांनी वाक्य पुरं केलं. ग्रामपंचायतीत काढलेली तीस वर्षं वाया जात नाहीत.

हा प्रकार कुठल्या नियमात बसतो यावर पाऊण तास चर्चा झाली. पुंजारामभाऊंचं म्हणणं हा कचरा टाकण्यात येतो, दीपाताईंचं म्हणणं पाळीव प्राण्यांत. शेवटी नवीन ठराव झाला की सभासदांनी छताच्या पंख्याचा उपयोग वाऱ्याखेरीज अन्य कामासाठी करू नये. सूचक धर्माजी राऊत. अनुमोदन रूपल चुरी. बायकोने अनुमोदन दिल्याचं कळलं तेव्हा शैलेश टीव्ही पुसत होता. त्याला खरंच रडू आलं.

रूपलने वर येऊन फडकं हातात घेतलं आणि उरलेला टीव्ही स्वतः पुसला. मग म्हणाली, "उद्या तुमच्याकडे नव्या सेंट्रीफ्यूजची पाण्यावर ट्रायल आहे ना? त्यात अजून औषध नाही गेलं."

शैलेशने तिच्याकडे पाहिलं. लग्नाला अठरा वर्षं झाली, पण प्रेम असं कधीतरी अचानक नव्याने होतं.

रविवारी सकाळी आठ वाजता तो दोन किलो बोंबील घेऊन कारखान्याच्या गेटवर उभा होता. गेटवर रामसजीवन होता, भला आणि कमालीचा प्रामाणिक सिक्युरिटी. मागच्या महिन्यात कारखान्यातून पितळी व्हॉल्व्ह गेले होते, त्यानंतर नवा नियम आला होता की आत जाणारी वस्तू वजन करून, रजिस्टरला लिहून आत जाईल, आणि परत बाहेर यायची असेल तर तशीच मोजून बाहेर येईल.

"क्या है साहब?"

"बोंबील."

"रिटर्नेबल कि नॉन-रिटर्नेबल?"

बोंबील परत न्यायचे होते. शैलेश म्हणाला, "रिटर्नेबल." रामसजीवनने सुवाच्य अक्षरात लिहिलं : मछली, दो किलो, रिटर्नेबल.

आत सगळं असं जमून आलं की शैलेशला स्वतःचाच हेवा वाटला. नवंकोरं चकचकीत पिंप, आत धुऊन घेतलेली गाळणीची पिशवी. या वेळी त्रिज्या त्याने टेपने दोनदा मोजली. साठ सेंटीमीटर. फेऱ्यांचा वर्ग केला, रूपलला फोन करून तपासून घेतला. सात जीसाठी मिनिटाला एकशे दोन फेरे. ट्रायलच्या कागदावर मालाच्या रकान्यात त्याने "ओला नमुना" लिहिलं. वीस मिनिटांनी झाकण उघडलं, तर बोंबील भिंतीला ओळीने टेकून उभे. चपटे, घट्ट, कातडी शाबूत. एकही काटा बाहेर नाही.

गेटवर त्यांचं वजन भरलं एक किलो चारशे.

"साहब," रामसजीवन म्हणाला, "छह सौ ग्राम कम है."

"पाणी गेलं त्यातलं. त्यासाठीच तर नेले होते."

"पानी का एंट्री नहीं है साहब. दो किलो गया, दो किलो आएगा. नहीं तो मेरी नौकरी."

शैलेशने त्याला सेंट्रीफ्यूज समजावून सांगितला. रामसजीवनने शेवटपर्यंत ऐकून घेतलं, असा श्रोता शैलेशला बावीस वर्षांत भेटला नव्हता, आणि मग तो म्हणाला, "समझ गया साहब. लेकिन छह सौ ग्राम कम है." वरिष्ठांना फोन लावावा तर ते विचारणार, नव्या मशीनमध्ये काय फिरवलं? बारा वाजले. सव्वाबारा. ऊन चढत होतं आणि बोंबील काही लोखंडाचे नव्हते. शैलेशने कपाळाला हात लावून घरी फोन केला.

रूपलने दुसरा फोन आईला केला, कारण आई रिक्षाने दांडीहून निघालीच होती आणि रस्ता गेटवरूनच होता. वत्सलाबाई उतरल्या. त्यांनी जावयाकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं, मग बोंबलांच्या पिशवीत हात घालून एक बोंबील दोन बोटांत दाबून पाहिला. थोडा वेळ तो तसाच धरून ठेवला.

"कितीचा फरक हाय?" त्यांनी रामसजीवनला विचारलं.

"छह सौ ग्राम, माताजी."

वत्सलाबाईंनी आपल्या पिशवीतून पाण्याची बाटली आणि एक रिकामी प्लॅस्टिकची थैली काढली. थैलीत पाणी ओतलं, गाठ मारली आणि ती बोंबलांशेजारी काट्यावर ठेवली. आकडा दोन किलोच्या पुढे गेला. त्यांनी गाठ सोडून दोन घोट पाणी पिऊन कमी केलं आणि थैली परत ठेवली. दोन किलो, शून्य शून्य शून्य.

"बग. यातला निघाला तोच पानी," त्या म्हणाल्या. "मोजून घे."

रामसजीवनच्या चेहऱ्यावर इतका निर्मळ आनंद शैलेशने कधी पाहिला नव्हता. त्याने रजिस्टरवर "प्राप्त" लिहून सही केली आणि दोन्ही थैल्या अदबीने रिक्षात ठेवल्या.

दीड वाजता पानं मांडली गेली. बोंबील रव्यात घोळून रूपलने तळले, पण तव्याशेजारून शैलेश हलला नाही. वत्सलाबाईंनी शेपटीला धरून पहिला बोंबील उचलला. तो ताठ उभा राहिला. त्यांनी जरा हलवून पाहिला. तरी ताठ. त्यांनी तो खाल्ला, काटा ताटाच्या कडेला ठेवला, आणि न विचारता दुसरा घेतला. मग तिसरा.

"मीठ कमी हाय," त्या म्हणाल्या.

शैलेशला हे वाक्य सनईसारखं वाटलं. जी माणसं मिठावर बोलतात, त्यांनी बाकी सगळं मान्य केलेलं असतं.

हात धुऊन त्या निघाल्या आणि दारात चपला घालता घालता म्हणाल्या, "मंगलवारी होडी लागल. सकालीच दोन टोपल्या आनते. तुमच्या त्या पिंपात मावतीन ना?"

रूपल घाबरून म्हणाली, "अगं आई, ती औषधाची कंपनी आहे."

"असू दे. जावयाची हाय ना."

अठरा वर्षं त्या त्याला साहेब म्हणत होत्या. जावई हा शब्द शैलेशने त्यांच्या तोंडून आज पहिल्यांदा ऐकला. नाही म्हणणं जरूर होतं. मशीन कंपनीचं, नोकरी कंपनीची, गेटवर रामसजीवन, आणि मंगळवारी औषधाची पहिली बॅच लागायची होती ती दुपारी. दुपारी, म्हणजे सकाळ मोकळीच होती. वत्सलाबाई जिना उतरून गेल्या तरी तो दारातच उभा होता. दोन टोपल्या म्हणजे चाळीस किलो, त्यातलं पाणी बारा किलो.

"रूपल," त्याने आत हाक मारली, "आपल्याकडे झाकणाचे दोन कॅन आहेत का?"